कामाच्या मधेच दारात कोणी उभं राहिलं तर? (ख्रिस्ती जीवन / रोजचा व्यवहार)

तळटीप
जय ख्रिस्त मंडळी. उपवासकाळातल्या (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) अभ्यासगटासाठी हा विषय घेतला आहे, म्हणून धागा काढतोय. मोठी संकटं इथे नकोत. रोजचे व्यत्यय घेऊ: स्वयंपाक अर्धा झालेला असताना दार वाजतं, हिशेब लावत असताना शेजारच्या टेबलावरची व्यक्ती रडू लागते, रात्री दहाला दवाखान्यातून फोन येतो. "देवानं पाठवलेला व्यत्यय आनंदानं स्वीकारा" असं व्यासपीठावरून सांगणं सोपं आहे. स्वीकारायचा कसा, ते कोणी सांगत नाही.

सुरुवातीला मार्कच्या शुभवर्तमानातले तीन उतारे शेजारी शेजारी ठेवून वाचा.

मार्क ५:२१-४३. याईराची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारात आहे आणि येशू त्याच्या घरी निघाला आहे. वाटेत बारा वर्षं रक्तस्राव असलेली बाई मागून वस्त्राला शिवते. येशू थांबतो, कोण शिवलं ते विचारतो, तिचं सगळं म्हणणं ऐकून घेतो. तेवढ्यात निरोप येतो की मुलगी गेली. उपदेशात हा भाग बहुधा घाईनं उरकतात. थांबण्याची किंमत थांबणाऱ्यानं नाही, वाट पाहणाऱ्या बापानं मोजली. म्हणून निरोप कानावर पडताच येशू आधी याईराकडे वळतो: भिऊ नको, विश्वास धर.

मार्क १:३५-३८. पहाटे तो एकांतात प्रार्थनेला गेलेला आहे. शिमोन शोधत येतो, सगळे तुम्हाला शोधताहेत म्हणतो. उत्तर येतं: आपण जवळच्या दुसऱ्या गावांत जाऊ. म्हणजे सरळ नकार.

मार्क ६:३०-४६. शिष्यांना जेवायलाही सवड नाही, म्हणून सगळे तारवातून विसाव्याला निघतात. लोक पायी धावत आधीच पोचतात. त्याला कळवळा येतो, तो शिकवतो, पाच हजारांचं जेवण होतं. पण पुढची दोन वचनं सोडू नका. शिष्यांना तारवात बसवून पुढे पाठवतो, लोकांना निरोप देतो आणि डोंगरावर प्रार्थनेला जातो. विसावा पुढे ढकलला, रद्द केला नाही, आणि तोही त्याच दिवशी.

तेव्हा "कायम थांबा" हाही नियम नाही आणि "ठरलं ते ठरलं" हाही नाही. व्यवहारात हे कसं बसवायचं, त्यावर लिहा.

आगाशीची_घंटा
छान विषय. आम्हा वसईकडच्या कॅथलिकांना सकाळ-दुपार-संध्याकाळची आंजेलुसची (मरियेच्या प्रार्थनेची) घंटा ठाऊक असते. हातातलं काम ठेवायचं, प्रार्थना म्हणायची, परत काम. हा ठरलेला व्यत्यय आहे, आणि न ठरलेल्या व्यत्ययाची तालीम त्यातूनच होते. दुपारी बारा वाजता ज्याला सुरी खाली ठेवता येत नाही, त्याला सव्वा बाराला पाहुण्यासाठी कुठून ठेवता येणार?

पण मुद्दा वेगळा. पाहुणा कधीही येणार हे धरूनच संत बेनेडिक्टनं सहाव्या शतकात मठाची नियमावली लिहिली. ५३ वा अध्याय पाहुण्यांवर आहे. प्रत्येकाचं स्वागत ख्रिस्त आल्यासारखं करायचं, हे वाक्य सगळ्यांना माहीत असतं. त्याच अध्यायातली व्यवस्था मात्र कोणी वाचत नाही. मठाधिपती आणि पाहुणे यांचं स्वयंपाकघर वेगळं, कारण पाहुणे अवेळी येतात आणि बाकीच्या बंधूंची घडी मोडता कामा नये. तिथे चांगलं काम येणारे दोन बंधू वर्षभरासाठी. गर्दी वाढली की त्यांना मदतनीस, काम कमी असलं की तेच दुसरीकडे. दारावर कोण, तर ६६ व्या अध्यायात सांगितलंय: समजूतदार म्हातारा, ज्याला निरोप घेता-देता येतो आणि वयामुळे जो इकडेतिकडे भटकत नाही. दार वाजलं की तो लगेच "देवाला धन्यवाद" म्हणतो. सगळ्यांनी धावत सुटायचं नाही. एकानं उठायचं, बाकीच्यांनी प्रार्थना चालू ठेवायची.

घरी हे असं जमतं. रोझरीच्या (मण्यांच्या माळेवरच्या प्रार्थनेच्या) वेळी दार कोण उघडणार ते आठवड्याच्या पाळीनं ठरवा. पाळीवाला दाराजवळ बसतो. आलेल्याला आत घेऊन बसवतो, पाणी देतो, हळू आवाजात एकच विचारतो: "आत्ता लागलीच काही हवंय, की आमचं होईपर्यंत बसता?" बरेच जण बसतात, आणि उरलेले मणी सोबत म्हणतातही. तातडीचं असेल तर पाळीवाला त्यांच्याबरोबर उठून जातो. प्रार्थना मोडत नाही आणि माणूसही ताटकळत नाही.

उपवासाच्या दिवशी पाहुणा आला तर काय, हेही त्याच अध्यायात आहे. वरिष्ठानं पाहुण्यासाठी आपला उपास सोडावा, अगदी न मोडण्यासारखा खास उपास असेल तर सोडू नये. बाकीच्या बंधूंनी आपला उपास पाळावा. एकाच घरात दोन्ही चालतं.

उलटतपासणी
विरोधी बाजू मांडतो. आपल्याकडे कशालाही "प्रभूनं पाठवलं" म्हणायची सवय आहे. सतरा गटांवरून फिरत आलेली प्रार्थना-विनंती, त्यातला रुग्ण कोण, कुठला, अजून आजारी आहे का, कोणालाच पत्ता नाही. रोज रात्री तीच तक्रार घेऊन तास घेणारा फोन. मंडळीच्या निवडणुकीआधी "सहज" घरी टेकणारे वडीलधारे. हे सगळं पाचारण?

नहेम्या ६ वाचा. तो यरुशलेमचा कोट बांधतोय आणि विरोधक सनबल्लट आणि गेशेम त्याला भेटायला बोलावतात. उत्तर: मी मोठ्या कामात आहे, खाली येता येत नाही. चार वेळा तोच निरोप, चार वेळा तेच उत्तर. शब्दही बदलले नाहीत. नकार असाच द्यावा, दर वेळी नवं कारण शोधत बसू नये. नवं कारण दिलं की समोरचा त्या कारणावर तोडगा घेऊन येतो.

मी चार गोष्टी पाहायला सांगेन. समोर नाव असलेला, पोचता येण्यासारखा माणूस आहे का? आज केलं नाही तर उद्या उशीर होईल का? माझ्यापेक्षा योग्य कोणी दहा मिनिटांत पोचू शकतो का? आणि माझ्या उठण्याचा भुर्दंड कोणाला? पहिल्या दोन्हींना "हो" आणि तिसऱ्याला "नाही" असेल तर उठावं. चौथ्याच्या उत्तरावर उठायचं की नाही हे ठरत नाही. उठण्याआधी कोणाला कळवायचं ते ठरतं.

पाटावरवंटा
उलटतपासणी, तुमचा चौथा प्रश्न पहिला हवा. भुर्दंड बहुतेक घरांत एकाच व्यक्तीला असतो आणि ती चुलीजवळ उभी असते. पाळकसाहेबांचं दार सदैव उघडं, याचा अर्थ पाळकीणबाईंचं आधण सदैव चढलेलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या आतिथ्याचं आपण कौतुक करतो. घरात कोण कधी जेवायला येईल याचा नेम नाही, आणि निभावायचं लक्ष्मीबाईंनी! कौतुक करताना दोघांचंही करावं.

म्हणून नियम: जो "या, बसा" म्हणतो, त्यानं चहा ठेवायचा. पुरुषांनीही. जेवायला थांबवायचं असेल तर पाहुण्यासमोर "अगं, होईल ना?" असं विचारायचं नाही. तिथे नाही म्हणताच येत नाही. आत जाऊन विचारायचं आणि उत्तर काही आलं तरी तोंड वाकडं करायचं नाही. १ पेत्र ४:९ मध्ये आतिथ्य कुरकुर न करता करा असं आहे. कुरकुर होऊ नये यासाठी काम वाटून घेणं हे घरच्या पुरुषाचं काम.

सामानाचं म्हणाल तर चार-पाच अनपेक्षित माणसांपुरतं एक खण कायम वेगळा ठेवावा. जाडे पोहे अर्धा किलो (सहा जणांचं होतं), रवा अर्धा किलो, शेंगदाणे पाव किलो, दुधाची पावडर, गूळ, बिस्किटांचे दोन पुडे. कांदे-बटाटे घरात असतातच. घरच्या रोजच्या वापरात हा खण मोडायचा नाही, आणि मोडला तर त्याच आठवड्यात भरायचा. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी रवा आणि पोहे रोजच्या डब्यात ओतून खणात नवीन भरा. नाहीतर पावसाळ्यात किडे होतात आणि नेमके पाहुण्यासमोर दिसतात.

अब्राहामानं भर उन्हात आलेल्या तिघांना "भाकरीचा तुकडा" आणतो म्हटलं आणि सारेला तीन मापं सपीठ मळायला लावलं (उत्पत्ती १८). तीन मापं म्हणजे आजच्या हिशेबानं वीस लिटरच्या आसपास पीठ! तिघांसाठी! अब्राहाम थोर, पण भाकरी भाजणाऱ्या सारेच्या बाजूनंही कोणी बोलावं.

कोष्टक
पाटावरवंटाताई, +१. सारेचा मुद्दा अभ्यासगटात नक्की काढा.

मी नोकरदारांच्या बाजूनं लिहितो. लेवीय १९:९-१० मध्ये शेताच्या कोनाकोपऱ्यातलं पीक कापू नका, सरवा (कापणीनंतर शेतात पडून राहिलेलं पीक) वेचू नका, ते गरिबाला आणि परक्याला ठेवा असं आहे. कोपरा केवढा, हे तिथे सांगितलेलं नाही. पुढे यहुदी रब्बींच्या मिश्नेत (नियमांच्या संग्रहात) किमान साठावा भाग धरला. आपल्या जागेपणीच्या सोळा तासांचा साठावा भाग काढला तर सोळा मिनिटं. सोळा मिनिटं! एवढंही आपण कोणासाठी मोकळं ठेवत नाही, आणि मग कोणी आलं की "देवा, आत्ताच का?"

सोळा मिनिटं किमान झाली. आठ तासांच्या कामात मी पाऊण ते एक तास कशालाच न देता ठेवायला सांगतो, आणि तोही दोन तुकड्यांत. जेवणाआधी अर्धा, दुपारी चारच्या सुमारास अर्धा. सगळा शेवटी ठेवला तर सकाळचं लांबलेलं काम तो खाऊन टाकतं. कोणीच आलं नाही तर तो वेळ मागे पडलेल्या कामाला वापरा, पण आधीपासून त्या कामाच्या नावे लावू नका.

चिडचिडीचं एक कारण अगदी साधं आहे: हातातलं सुटेल ही भीती. उपायही साधा. मान वर करण्याआधी पुढची पायरी एका ओळीत लिहा. "तिसऱ्या रकान्याची बेरीज जुळवायची, १४ व्या ओळीपासून." दहा सेकंद लागतात. मग फोन पालथा, खुर्ची त्या माणसाकडे पूर्ण वळवा. बैठकीला जायचं असेल तर सुरुवातीलाच सांगा, "माझ्याकडे वीस मिनिटं आहेत, पुरली नाहीत तर सहा वाजता पुन्हा बसू." शेवटी अचानक घड्याळ पाहिलं की सांगणाऱ्याला वाटतं आपण जड झालो.

रिकामी जागा आधीच लागते याचं मोठं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांच्या पुण्यातल्या संस्थेचा मूळ आराखडा हा नव्हता. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, एवढी माणसं तिथे ठेवता येत नव्हती. पण केडगावची जमीन आधीच घेतलेली होती, संस्थेला फळबागेचं उत्पन्न मिळावं म्हणून. मुक्ती मिशन तिथे उभं राहिलं.

तिसरी_शिफ्ट
कोष्टक, सगळं खरं, पण खुर्ची वळवणं ज्याच्या हातात आहे त्याच्यासाठी. एमआयडीसीत लाइनवर उभा असलेला, वॉचमन, घरकामाला चार घरं करणारी बाई, यांनी काम सोडलं तर खाडा लागतो. आपल्या मंडळ्यांत अशीच माणसं जास्त आहेत. त्यांना "थांबा" सांगताना भान ठेवावं. त्यांच्यासाठी जमण्यासारखं एवढंच: खिशात चिठ्ठी-पेन्सिल, नाव आणि नंबर लिहून घ्यायचा आणि "साडेदहाच्या चहाला फोन करतो" असं नेमकं सांगायचं. आणि साडेदहाला करायचाच. तेही स्वागतच आहे. उलट मालक-साहेब ख्रिस्ती असेल तर कामगाराला पंधरा मिनिटं बिनपगारी न धरता सोडणं, हा त्याचा सरवा.

वॉर्ड_सात
दवाखान्याच्या हाकेबद्दल लिहिते, कारण रात्री धावत येणारी भली माणसं तिथे घोळ घालतात.

फोनवरच विचारून लिहून घ्या: दवाखाना, मजला, वॉर्ड आणि खाट, रुग्ण शुद्धीवर आहे का, जवळ कोण आहे आणि त्यांनीच बोलावलंय का, काय हवंय: प्रार्थना, प्रभुभोजन (भाकरी-द्राक्षारसाचा विधी) की रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला तेल लावून करायचा संस्कार). कॅथलिक घरात रुग्णाभ्यंग संस्कार फक्त धर्मगुरू देतात. म्हणजे आधी फादरांना फोन, मग तुम्ही निघा. तुम्ही पोचून फादरांना शोधण्यात तास जातो, आणि तो तास कधी कधी नसतो.

तोंडात काहीही देण्याआधी ड्युटीवरच्या सिस्टरला विचारा. शस्त्रक्रियेच्या आधी उपाशी ठेवलेलं असतं. गिळता येत नसेल तर भाकरीचा छोटा तुकडाही श्वासनलिकेत जातो. तेल लावायचं तर कपाळावर बोटभर, ऑक्सिजनच्या मास्क-नळीपासून लांब, कारण ऑक्सिजनजवळ तेलकट पदार्थ पेट घेऊ शकतो. मेणबत्ती तर अजिबात नाही, कितीही लहान असो.

अतिदक्षतेत एक माणूस, हात धुऊन, पाच मिनिटं. कानाजवळ जाऊन आपलं नाव सांगा. शुद्ध नसली तरी ऐकू येत असेल असं धरूनच बोला. स्तोत्र २३ सहा वचनांचं आहे, १२१ आठ वचनांचं. त्याहून लांब नको. "तुम्ही नक्की बरे होणार, प्रभूनं मला सांगितलं" असलं वचन देऊ नका. ते खरं ठरलं नाही तर मागे राहिलेल्यांच्या विश्वासाला तडा जातो आणि तुम्ही तोवर घरी गेलेले असता.

निघताना "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, कोणी सांगत नाही. "उद्या सकाळी आठला डबा आणते, किती जणांचा?" असं विचारा.

दाराजवळ एक पिशवी भरलेली असावी: स्तोत्रांसह नवा करार (मोठ्या टायपाचा), वही-पेन, पाण्याची बाटली, मास्क, फोनचा चार्जर, ओळखपत्र, पाचशे रुपये सुटे. बाहेरगावच्या नातेवाइकांना त्या रात्री चार्जरच सगळ्यात जास्त लागतो.

तळटीप
वॉर्ड_सात, तुमचा प्रतिसाद छापून मंडळीच्या फलकावर लावण्यासारखा आहे.

व्यत्यय संपवायचा कुठे, यासाठी लूक १० मधल्या शोमरोन्याचे व्यवहार तपासा. वाटेत लुटून अर्धमेला टाकलेल्या माणसासाठी थांबला, जखमांवर तेल-द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत (प्रवाशांच्या मुक्कामाच्या जागी) नेलं, रात्रभर काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी दोन दिनार काढून दिले आणि निघाला. मत्तय २० प्रमाणे एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज, म्हणजे दोन दिवसांची मजुरी. वर "जास्त लागलं तर परत येताना देईन". त्यानं प्रवास सोडला नाही. योग्य माणसाच्या हाती सोपवलं, पैसे दिले, परत येण्याचं सांगितलं. आपलं कुठे चुकतं? आपण एक तर पहिल्या पायरीलाच पुढे जातो, नाहीतर उतारशाळेतच राहायला लागतो आणि महिन्यानं वैतागून माणसाला तोडतो.

याईराचंही तसंच. जो वाट पाहतोय त्याला आधी कळवा. मुलाला शाळेतून आणायचं आहे, कोणाला भेटायचं ठरलंय, तर वळण्याआधी तीस सेकंदांचा फोन: "अर्धा तास उशीर होतोय, चारऐवजी साडेचार." त्याला न सांगता केलेली सेवा त्याच्या वेळेतून केलेली असते.

उलटतपासणी
हे पटलं. एक भर. तोच माणूस, तेच कारण, महिन्यात तिसऱ्यांदा, तर तो व्यत्यय राहिला नाही, तो तुमच्या वेळापत्रकाचा भाग झाला. त्याला ठरावीक वार आणि वेळ द्या. आणि सगळेच जण एकाच माणसाकडे येत असतील तर निर्गम १८: मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायाला बसलेला, सासरा इथ्रो म्हणतो, अशानं तूही थकशील आणि लोकही. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये विधवांच्या वाढपाची तक्रार आली तेव्हाही सात जण निवडले. तक्रार फेटाळली नाही आणि बारा प्रेषितांनी वाढायलाही घेतलं नाही. पाळकाचा फोन रात्रंदिवस वाजतो ही मंडळीची शान नव्हे, तिथे नायक नेमलेले नाहीत एवढाच त्याचा अर्थ.

आगाशीची_घंटा
रात्रीच्या आत्मपरीक्षणात हे धरावं. इग्नाती (संत इग्नाशियसच्या) पद्धतीत दिवस मागे वळून पाहताना आधी आभार, मग उजेड मागणं, मग दिवसाची उजळणी, मग क्षमा, मग उद्याचा निश्चय. उजळणीच्या वेळी वहीत व्यत्यय टिपा: किती वाजता, कोण, मी काय करत होतो, काय केलं, कोणाला कळवलं. पाच-सात शब्द पुरे. "थांबलो नाही" हेही लिहा, आणि का, तेही. दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर तुम्ही निबंध लिहिताय. चार आठवड्यांनी वाचलं की दिसतं: कोणासाठी आपण लगेच उठतो आणि कोणासाठी नेहमीच "कामात" असतो. बहुतेकांच्या वहीत पैसेवाल्यांसाठी उठलेले प्रसंग जास्त निघतात. याकोब २ मधला सोन्याची अंगठी घातलेला माणूस आठवा.

पाटावरवंटा
वहीबद्दल शंका. त्यात लोकांची दुखणी, नवरा-बायकोची भांडणं लिहिली जाणार. घरात वही उघडी पडली तर? आमच्या महिला मंडळात एका यादीवरून पुरेसा गोंधळ होऊ शकतो.

आगाशीची_घंटा
ताई, बरोबर. नाव लिहू नका, आद्याक्षरही नको, लहान मंडळीत ते लगेच ओळखू येतं. "शेजार", "कचेरी", "नातं", "अनोळखी" एवढेच चार प्रकार. कारण अजिबात लिहायचं नाही, फक्त वेळ आणि आपण काय केलं. कळवायचं राहिलेलं काम किंवा कबूल केलेला डबा मात्र वेगळ्या चिठ्ठीवर, आणि काम झालं की चिठ्ठी फाडायची. चार आठवडे वाचून झाले की वहीतली पानंही फाडा. फोनवर लिहिणार असाल तर गटात चुकून पाठवायची सोय नसलेल्या ठिकाणी लिहा.